तळहातावरची हवा

"हवा पह्यले कोंडा गुरुजी, मंग सोडा," असं मला, शाळेतल्या मास्तराला, सांगून चाचा तोंडापुढे तळहात धरायचे. देऊळघाटला त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि नोझलचा दाबही ते असाच हातावर बघत. तुम्ही त्या रस्त्यानं गेला असाल, तर हा म्हातारा स्वतःच्या हाताशी काय पुटपुटतो, असं तुम्हालाही वाटलं असेल. ते तमीळ शिकत होते.

बीटी कापूस आला, आता फवारणी कशाला, असं सगळेच म्हणाले. दुकान बसलं. मुलगा तमिळनाडूतल्या सूतगिरणीत गेला आणि तिथंच त्यानं लग्न केलं. सुनेला माहेर नव्हतं, म्हणून पहिल्या बाळंतपणासाठी त्यानं तिला इथं आणून सोडलं आणि तो कामावर परतला. चाची आधीच वारल्या होत्या. घरात सासरा आणि सून, आणि दोघांत एकही सामाईक शब्द नाही.

शेजारणी खाणाखुणांनी भागवत. चाचांना मात्र दवाखान्याची धास्ती. "बाळंतपणाच्या खोलीत मले कोन येऊ देईन? परद्याच्या बाहेर उभं राहा लागन. मंग इशारे काय कामाचे? आवाजच आत जाईन ना!"

बोअरवेलच्या गाडीवरचा तमीळ अण्णा त्यांनी गुरू केला. मी त्याचे शब्द देवनागरीत लिहून दिले, तर चाचांनी कागद परत केला. "कागद बोलत नाही, गुरुजी." अण्णाच्या गळ्याला बोट लावून, त्याची जीभ कुठं टेकते ते वाकून बघून, त्यांनी दोन वाक्यं घोटली. 'वलिक्कुदा?' म्हणजे दुखतंय का? 'बयप्पडादे' म्हणजे घाबरू नको. त्या 'क्क'वर हवा कोंडायला त्यांना आठवडा लागला. मी हसायचो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

दिवस भरले. चाचांसोबत मीही दवाखान्यात गेलो. भर दुपारी पडद्याआड सून किंचाळत होती, नर्स वैतागली होती. चाचांनी तळहात तोंडापुढे धरला. "वलिक्कुदा?"

आत एकदम शांत झालं. मग ती बोलू लागली, भडाभडा, थांबेचना. इतका अस्सल उच्चार ऐकून सासऱ्याला आपली भाषा येते, असंच तिला वाटलं असणार.

चाचा माझ्याकडे वळले. "गुरुजी, पोरगी सारं सांगून राह्यली अन् मले एक अक्षर समजत नाही! मी पुसाले शिकलो, आयकाले शिकलोच नाही."

मी घाईघाईनं अण्णाला फोन लावला. नर्सनं तो आत नेला. सकाळपासून बाळ हललं नाही, हे सून सांगत होती, असं अण्णाकडून कळलं. डॉक्टर धावले, तिला ऑपरेशनला नेलं. बंद दाराला तोंड लावून चाचा एकच म्हणत राहिले, "बयप्पडादे, बयप्पडादे." नात रडली तेव्हाच ते थांबले.

चाचांना जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो, तेव्हा सून माझ्यापेक्षा ठसक्यात वऱ्हाडी बोलत होती. "अब्बा, लय दुखून राह्यलं काय?"

चाचा नुसते तिच्या ओठांकडे बघत राहिले. तिला कळलं. ती वाकून म्हणाली, "वलिक्कुदा?"

चाचांनी तळहात उचलला, तिच्या तोंडापुढे धरला आणि हवा बघितली.