दोन फूट खरखरीत

कुणाच्याही घरात शिरताना मिस्त्री दाराशी चपला काढायचे आणि नमस्काराच्याही आधी उजवा तळपाय फरशीवर पुढेमागे घासायचे. मग म्हणायचे, "पैले खाली पाहा." तुमचे पडदे, तुमचा टीव्ही, देव्हारा, सगळं नंतर. फरश्यांना पॉलिश करण्यात त्यांचा जन्म गेला होता. निजामाच्या काळापासून हैदराबादेत राहिलेलं मराठी कुटुंब, घर अंबरपेठेत. बोलण्यात मराठी किती आणि दखनी किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

बरकतपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत तळमजल्याचा संगमरवरी पॅसेज त्यांनीच चमकवलेला. आमच्या दारापासून फाटकापर्यंत नुसता आरसा. येणारे-जाणारे त्यात बघून केस नीट करायचे, आणि मिस्त्री ते लांबून बघत उभे राहायचे.

आता आमच्या बंडूचं सांगते. नऊ महिन्यांचा लॅब्रेडोर. मागचे पाय सशासारखे जोडीनं टाकत धावायचा आणि आम्ही पुण्याहून आलेले शहाणे त्याचं कौतुक करत व्हिडिओ काढायचो. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला तेव्हा कळलं, ते कौतुकाचं नव्हतं, दुखणं होतं. हिप डिस्प्लेशिया. खुब्याची वाटी उथळ, हाड तिच्यात नीट बसतच नाही. डॉक्टर म्हणाले, वजन वाढू देऊ नका, रोज थोडं थोडं चालवा, मांड्यांचे स्नायू तयार झाले तर तो उभा राहील. आणि गुळगुळीत फरशीवर अजिबात घसरू देऊ नका.

ज्याच्याकडून पिल्लू आणलं त्याला मी फोन केला. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "घेऊन या मॅडम, बदलून देतो." बदलून! अजून आठवलं तरी माझं डोकं तापतं.

घरात मी सतरंज्या अंथरल्या. पण बाहेर जायला वाट एकच, तो आरसा. पाऊल टाकलं की बंडूचे मागचे पाय दोन दिशांना फाकायचे आणि तो धपकन बसायचा. मी पॅसेजमध्ये काथ्याची पट्टी टाकली. सोसायटीच्या अध्यक्षांनी ती उचलून गच्चीवर नेऊन टाकली. इमारतीची शोभा जाते म्हणे! चार वेळा मी टाकली, चार वेळा ती गच्चीवर गेली. शेवटी बंडूनं उंबऱ्याबाहेर यायचंच सोडलं. पट्टा हातात घेतला की कोपऱ्यात जाऊन तोंड फिरवायचा.

त्यात अध्यक्षांच्या मुलीचं लग्न निघालं आणि पॅसेज पुन्हा चमकवायला मिस्त्रींना बोलावणं गेलं. ते मशीन घेऊन आले, पाय घासला. त्याच वेळी मी बंडूला ओढत बाहेर काढत होते. तो त्यांच्यासमोरच पडला. उठला, परत पडला.

"काय झालंय त्याला?" मिस्त्रींनी विचारलं. मी सगळं सांगितलं, रागारागानं, रडत. बदलून देण्याचं ऐकल्यावर ते भडकले. "बसवलेली फरशी बी कुणी बदलून देत नाही ताई, अन् हा जितं जनावर बदलायलाय?" मग माझ्यावरच उखडले. "लेकरू इतक्या दिवसापासून पडायलंय अन् तुम्ही त्याच्या पायाकडं पाहत बसलाव? पैले खाली पाहा!"

मी खाली पाहिलं. तेही पाहत होते. मग हळूच म्हणाले, "माझ्याच हातचं काम हाय हे."

पॉलिशला आधी खरखरीत दगड लावतात, मग बारीक, मग त्याहून बारीक. मिस्त्रींनी सगळ्यात खरखरीत दगड काढून मशीनला लावला, भिंतीपासून दोन फुटांवर दोरी धरून रेघ मारली आणि आमच्या दारापासून आपल्याच आरशावर मशीन फिरवायला सुरुवात केली. अध्यक्ष धावत आले. "क्या कर रे तुम? पूरा फ्लोर खराब कर दिये!" मिस्त्रींनी कानाकडे बोट दाखवून मान हलवली, मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून. फाटकापर्यंत पोचल्यावरच मशीन थांबवलं आणि विचारलं, "हौ, काय म्हणत होतात?"

लग्न तोंडावर, दुसरा माणूस मिळेना, म्हणून पट्टी तशीच राहिली. पण आमच्या इमारतीचं काम त्यांच्या हातून गेलंच, अध्यक्षांनी शेजारच्या इमारतींतही त्यांचं नाव खराब केलं. याचा मला संताप होता, त्यांना नव्हता. ते रोज संध्याकाळी कामावरून परस्पर यायचे, खांद्यावरचा पंचा बंडूच्या पोटाखालून घालायचे, दोन्ही टोकं वर धरायचे आणि त्या दोन फुटी पट्टीवरून त्याला चालवायचे. "हळू बेटा. घाई नक्को." चार पावलं, मग दहा, मग फाटक. एका संध्याकाळी त्यांनी पंचा सोडला तरी बंडू चालतच राहिला. मिस्त्री पंचा तोंडाला लावून उभे राहिले. मला वाटलं, घाम पुसतायत.

अध्यक्षांच्या म्हाताऱ्या आई आता त्याच पट्टीवरून भिंत धरून चालतात. ते मात्र अध्यक्षांना दिसत नाही.

थंडीत मिस्त्री गेले. छातीत वर्षानुवर्षांची दगडाची धूळ बसली होती. फरशीत तोंड बघणाऱ्या आम्हा लोकांपैकी एकानंही त्यांना कधी विचारलं नाही, मिस्त्री, नाकाला काही बांधत का नाही? मीही नाही. त्यांच्या घरच्यांना भेटायला मी अंबरपेठेला गेले तेव्हा सवयीनं आधी खाली पाहिलं. त्यांच्या घरात साधी, खरखरीत शहाबादी होती.

गेल्या आठवड्यात अध्यक्षांनी पट्टी पुन्हा गुळगुळीत करायला नवा माणूस आणला. मशीनची चाकं फाटकाशी खडखडली आणि बंडू कान टवकारून उठला. चारही पायांवर, शेपटी हलवत, भिंतीकडेच्या पट्टीवरून थेट फाटकापर्यंत गेला. त्यानं मशीन हुंगलं. नव्या माणसाला वळसा घालून त्याच्या मागे पाहिलं, मग रस्त्यावर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग परत येऊन पट्टीच्या मधोमध आडवा झाला.

मी त्याच्याशेजारी मांडी घालून बसले. नव्या माणसानं मशीनची वायर हातात घेऊन विचारलं, "मॅडम, काम कुठून सुरू करू?"

"आधी खाली पाहा," मी म्हटलं.