अर्धं लिंबू आणि सात मिलिमीटरचा खडा

करणी, नजर, भुतंखेतं... यातलं काहीही मी मानत नाही. आजही नाही! भांडुपच्या आमच्या घरात अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांच्या घड्या घालत मी मोठी झाले. म्हणूनच हे लिहिताना चिडचिड होतेय.

आमच्या अंधश्रद्धाविरोधी गटाची भाषणं लिहायची मी, करायची माझी मैत्रीण सुजाता. वाक्यं माझी, टाळ्या तिला! या वेळी मी भांडून माईक मिळवला होता. सभा तोंडावर आली आणि जेवताना माझा उजवा जबडा सुजायला लागला. डॉक्टर म्हणाले, लाळेच्या ग्रंथीत खडा असेल, सोनोग्राफी करा.

मुलुंडच्या सेंटरला सुजाता सोबत आली. तिथल्या मॅडमनी लिंबू कापून अर्धं माझ्या हातात दिलं. "चोखा. लाळ सुटली की नळी फुगते, खडा नीट दिसतो."

सुजाता खिदळली. "लिंबू उतरवणाऱ्यांची वाट लावणारी तू, आणि आता लिंबूच चोखतेस? तुझं उरलेलं मला दे गं!" माझ्या हातातलं उष्टं लिंबू घेतलं, आणि चोखलंसुद्धा.

स्क्रीनवर पांढरा ठिपका, त्यामागे काळी सावली. दोन्ही टोकांना खुणा करून मॅडमनी मोजलं – सात मिलिमीटर. एका बाजूला टवका उडाल्यासारखा. "काढावा लागेल."

"टेन्शन नको घेऊ यार," सुजाता म्हणाली, "भाषण मी करते ना."

तिच्या त्या तुकतुकीत जबड्याकडे बघून मनात आलं – हिला का नाही होत?

दुसऱ्या दिवशी सकाळी सूज गायब. ऑपरेशनआधीच्या सीटी स्कॅनमध्ये खडाच नाही! "तोंडात येऊन पडला असेल," डॉक्टर म्हणाले. एवढा खडा पडला, आणि मला कळलं नाही?

त्याच आठवड्यात पाणीपुरी खाताना सुजाताचा जबडा सुजला. उजवाच. तेच सेंटर, सात मिलिमीटर, टवकासुद्धा तोच. मॅडम माझी जुनी फिल्म शेजारी धरून बघत राहिल्या.

"रिपोर्टची अदलाबदल झाली नाही ना?" मी विचारलं.

"दोघींना मीच तपासलंय."

भाषण मी केलं. टाळ्याही पडल्या. स्टेजवरून उतरले तर पहिला प्रश्न – "सुजाता कशी आहे?"

पप्पा म्हणतात, योगायोग. असेल. लिंबातून खडे जात नाहीत, हे मी उद्याही माईकवर ठणकावून सांगेन.

परवा सुजाताला भेटायला गेले. ऑपरेशनमध्ये निघालेला खडा तिनं बाटलीत ठेवलाय. घर माणसांनी भरलेलं, बाटली हातोहात फिरत होती. "बापरे, कसं सोसलंस गं!"

बाटली माझ्याकडे आली. टवका मी लगेच ओळखला...

खडा माझा होता. आणि कौतुक, पुन्हा, तिचंच.