मावशींच्या देवघरावरचा डाग

खालच्या मजल्यावरच्या मावशींनी पहिल्यांदा मला त्यांच्या छताचा डाग दाखवला, तेव्हा माझ्या मनात आलं की बाईंना फुकटात रंग लावून घ्यायचाय. लाज वाटते, पण आलं खरं. संशय घ्यायला मला कधी फार कारण लागत नाही. भाजीवाला हसला तरी मी वजनकाट्याकडे बघते.

खांदा कॉलनीतल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये मागच्या बाजूला प्रत्येकाला एक छोटी बाल्कनी आहे. मावशींनी त्यांची बंद करून तिथे देवघर केलंय. डाग नेमका देवांच्या डोक्यावर. थेंब पडायला लागले तेव्हा त्यांनी देव उचलून फ्रिजवर नेऊन ठेवले. "अगं, देवांवर बाथरूमचं पाणी पडतंय," म्हणाल्या. वरच्या माझ्या बाल्कनीला लागूनच माझं बाथरूम आहे, हे खरं. पण मला राग आला. "तुमचाच एखादा पाइप गेला असेल," असं मी तोडून बोलले. चौदा वर्षं आमच्यात वाट्यांची ये-जा आहे, आणि कोणीही कधी वाटी रिकामी परत केलेली नाही. त्या आठवड्यात माझी आमटीची वाटी घासूनपुसून, रिकामी परत आली.

मग मी प्लंबर शोधायला लागले. पहिला नाक्यावरचा. त्याने बाथरूमच्या टाइल्सवर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "ताई, सगळं फोडावं लागेल." दुसरा खारघरहून आला, हातात कसलंसं यंत्र. ते भिंतीवरून फिरवत म्हणाला, "मॅडम, अंदर की लाइन गयी है. पूरा तोडना पडेगा." दोघांचं एकमत झालं म्हणून मला जास्तच संशय आला. दोघं एकमेकांना ओळखत असणार, असं मी घरात दोन दिवस बोलत होते. ऐकायला कोणी नव्हतं, तरी बोलत होते.

तिसरा आपटा गावचा. आमच्या दूधवाल्याने सांगितलेला, पन्नाशीचा, मितभाषी माणूस. त्याने हातोडी पिशवीतून बाहेरच काढली नाही, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. घरात येणाऱ्या पाण्याचा कॉक एक दिवस बंद ठेवायला लावला. मावशींचा डाग होता तेवढाच ओला राहिला. "म्हंजी नलाचा पाइप बरा हाय," तो म्हणाला. मग बाथरूमच्या जाळीत फडकं कोंबून त्याने जमिनीवर पाणी साठवलं आणि त्यात नीळ कालवली. तीन तास थांबला. खाली निळा थेंबही नाही.

"उद्या सकाली येतो. तुमी रोजचं काम करा, मी नुसता बगतो."

माझं काम बघायला याला कशाला हवं? घरातल्या वस्तू हेरतोय की काय, म्हणून मी कपाटाला कुलूप लावलं. सकाळी सहाला पाणी आलं. मी नेहमीप्रमाणे बाल्कनीतल्या पिंपातलं कालचं पाणी तिथेच फरशीवर ओतून दिलं आणि स्वयंपाकघरातून नळी लावून पिंप ताज्या पाण्याने भरायला घेतलं. शिळं पाणी ठेवायचं नाही, ही माझ्या आईची शिस्त. तो उकिडवा बसून फरशीचा कोपरा बोटाने चाचपत होता.

"ताई, पाइपाला काय झालं नाय. ह्या कोपऱ्याला भेग हाय. तुमचं रोजचं पानी हितं मुरतंय. चार दिस वतू नका, मंग बगा."

बाल्कनीत तर नळसुद्धा नाही! काही न करता निघाला, वर दोष माझ्या आईच्या शिस्तीला. त्याला खोटं पाडायचं एवढ्याचसाठी मी पाणी ओतायचं बंद केलं. मावशींना काहीच सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात मावशी, हातात झाकलेली वाटी. दोन महिने त्या माझा जिना चढल्या नव्हत्या.

"तीन दिवस झाले, तुझं पाणी ओतल्याचा आवाज नाही. म्हटलं, पडलीबिडलीस की काय? त्या आवाजावरच मी दिवा लावते ना रोज. पेज आणलीय, घे."

मी घाबरत विचारलं, "डाग कसा आहे?"

"सुकत चाललाय. तुझ्या त्या माणसाने काहीतरी केलेलं दिसतंय."

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. प्लंबर आपट्याला गेलेला, भेग माझ्या पिंपामागे, कोणाला काय कळणार होतं? पण पेजेची वाटी हातात गरम लागत होती, आणि मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मावशी, त्याने काही केलं नाही. मीच पाणी ओतायचं थांबवलं. तुमच्या देवांवर इतके दिवस माझंच शिळं पाणी पडत होतं."

 मावशींनी दाराला धरून चपला काढल्या आणि त्या आत आल्या.

"म्हणजे आजारी नाहीस ना?" त्यांनी विचारलं.