फलांगन साहेबाचा मुलगा

अंबाजोगाईच्या तहसीलमधले रेकॉर्डकीपर निजामाच्या काळातलं उर्दू दप्तर ओठ हलवत वाचायचे. प्रत्येक नाव पुटपुटल्याशिवाय पान उलटायचे नाहीत. कुणी घाई केली की म्हणायचे, "कामून घाई? कागद कुठं पळून चाललाय का?"

नव्वदीच्या सुरुवातीला आयर्लंडहून एक वयस्कर बाई आल्या. आपले आजोबा इथल्या जुन्या लष्करी छावणीत जन्मले, एवढंच त्यांनी घरी ऐकलेलं. पुरावा कुठंच नव्हता. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, म्हणून दुभाषी झालो. आजोबांचं फ्लॅनगन हे आडनाव दप्तरात तीन दिवस काही सापडेना.

चौथ्या दिवशी रेकॉर्डकीपर मला म्हणाले, "सर, बाईंना नाव त्यांच्या बोलीत म्हणायला लावा."

बाईंनी म्हटलं. रेकॉर्डकीपरांनी डोळे मिटून ते दोनतीनदा तोंडात घोळवलं, पुन्हा पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "ह्ये बघा, 'फलांगन साहेबाला मुलगा झाला.' कारकुनानं कानाला आलं तसं लिवलंय."

बाईंना रडू कोसळलं. मी त्यांचे आभार रेकॉर्डकीपरांना पोचवले, तर ते ताठ बसून म्हणाले, "आभार कशाचे? त्यांना सांगा, तुमच्या आजोबाला आमी इतकी वर्षं लई जपून ठेवलंय."