जोहराताईंचा आवाज

जोहरा मुलाणी टेलिफोनच्या खुर्चीवर बसली ती चार महिन्यांपुरती. नीरा-गुंजवणी दूध संस्थेची आधीची ऑपरेटर बाळंतपणाला गेली होती. ती परत आलीच नाही आणि त्या चार महिन्यांची बावीस वर्षं झाली. संस्थेच्या भोरच्या कचेरीत जिन्याखाली एक खोली आहे. खोली आपली म्हणायला. खिडकी नाही, पंखा लावला की कागद उडतात, बंद केला की जीव गुदमरतो. तिथं भिंतीवर फोनचा जुना बोर्ड, त्याच्यासमोर एक खुर्ची, आणि खुर्चीत जोहरा. तिला त्या खोलीचा मनापासून वीट आला होता. पण सांगणार कुणाला? दिवसभर तिच्याशी बोलायचे ते फोनवरचे लोक, आणि त्यांना आपापलं सांगायची घाई.

घाईही खरीच होती म्हणा. पासली, हिर्डोशी अशा डोंगरातल्या गावांकडे रेंजचा काय भरवसा? माणूस टेकावर चढतो, फोन लागतो आणि तोंड उघडेपर्यंत तुटतो. म्हणून जोहरानंच सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. "मी नमस्कार म्हटलं की थांबायचं नाही. नाव, गाव, जनावराला काय झालं, सगळं एका दमात सांगून टाकायचं. मी ऐकतेय." लोक तसंच करत. जोहरा लिहून घेई आणि जनावरांच्या डॉक्टरांची गाडी त्या वाटेला लावी. भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुक्यांतल्या कितीतरी अडलेल्या म्हशी तिच्या कानांनी सोडवल्या, पण तिला स्वतःला काही सुटता आलं नाही.

सुटायचं कुठं, ते तिनं कधीच ठरवलं होतं. वरच्या मजल्यावर दूध तपासणीची प्रयोगशाळा आहे. तिला दोन मोठ्या खिडक्या आहेत. आठ वर्षांपूर्वी दर रविवारी एसटीनं पुण्याला जाऊन जोहरानं तपासणीचा कोर्स केला, पहिल्या वर्गात पास झाली. व्यवस्थापक रोहिदास धुमाळ दर वेळी म्हणत, "ताई, तुम्हाला वर घ्यायचंच आहे. फक्त या खुर्चीवर कुणी मिळू द्या." आठ वर्षं कुणी मिळालं नाही. घोंगडं भिजतच पडलं.

गेल्या वर्षी धुमाळसाहेब कुठल्याशा बैठकीहून आले ते क्लाउडवरचा फोन घेऊनच. म्हणजे बोर्ड नको, जाडजूड वायरी नकोत. टेबलावरचा फोन इंटरनेटच्या केबलला जोडायचा, बाकी सगळा कारभार दूर कुठल्यातरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर. जोहराला आपल्या खोलीत बोलावून ते चाचरत म्हणाले, "यात काय आहे ताई, की ऑपरेटर लागतच नाही." त्यांना वाटलं, बाई आता डोळ्यांना पदर लावणार. बाईंना तिथंच नाचावंसं वाटत होतं.

मग काय, सगळं काम तिनं एकटीनं अंगावर घेतलं. कंपनीची प्रांजल नावाची मुलगी पुण्याहून फोनवर सांगे आणि जोहरा करी. सोळा फोन. एकेक खोक्यातून काढायचा, उलटा करून बुडाशी चिकटवलेला लांबलचक नंबर कंपनीच्या पानावर भरायचा, टेबलाचा नंबर द्यायचा, नाव द्यायचं, केबल खोचायची. फोन दोनदा मिचमिचतो, बंद पडतो, आपला जीव वर-खाली होतो, आणि मग पडद्यावर नाव उमटतं. एकशे दोन साहेब, एकशे तीन डॉक्टर, एकशे चार टँकर. शेवटचा फोन तिनं प्रयोगशाळेच्या खिडकीशी ठेवला. एकशे सोळा, जोहरा मुलाणी. ते नाव ती किती वेळ बघत उभी होती, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

राहता राहिलं स्वागताचं रेकॉर्डिंग. कंपनीकडे तयार आवाज होता, पण तो मराठी असं बोले, की जणू दाताखाली खडा आलाय. साहेब म्हणाले, "लोकांना तुमचाच आवाज ओळखीचा. एवढं शेवटचं करून द्या." शेवटचं म्हटल्यावर जोहरानं हौसेनं केलं. "नमस्कार, नीरा-गुंजवणी दूध संस्था. डॉक्टरांसाठी एक दाबा, टँकरसाठी दोन." कुणी काहीच दाबलं नाही, तर यंत्रानं थोडं थांबायचं, "धन्यवाद" म्हणायचं आणि फोन तोडायचा. धन्यवादही तिचाच.

नऊ दिवस ती वर होती. त्या नऊ दिवसांत ती सुखी होती, अगदी सरळ सांगायचं तर.

दहाव्या दिवशी पासलीचे हरिबा आले. सत्तरी ओलांडलेला माणूस. एसटीतून उतरून थेट जिना चढून प्रयोगशाळेत. कुणीतरी साहेबांना वर बोलावलं.

"ताई," हरिबा म्हणाले, "म्हस आडली हुती. म्या टेकावर चढून फोन केला. तुमी नमस्कार म्हनला. म्या समदं सांगितलं, तुमी शिकीवलं तसं. तुमी धन्यवाद म्हनला. मंग डाक्टर का न्हाई आलं? सांजपातुर वाट बगितली. म्हस बी गेली आन् रेडकू बी."

साहेब मध्ये पडले. "बाबा, ती मशीन होती. ताई फोनवर नव्हत्याच."

"आवाज ह्यांचाच हुता."

"आवाज त्यांचाच, पण त्या नव्हत्या."

हरिबांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. ओरडलेही नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. "ऐकायचं नव्हतं तर नमस्कार कशापायी म्हनला, ताई? कुनी न्हाई ह्ये कळलं आस्तं, तर म्या पळत वेल्ह्याला डाक्टरकडं गेलो आस्तो."

जोहरा नुसती हात जोडून उभी राहिली. हरिबा गेल्यावर तिनं कंपनीचं पान उघडलं. त्यात आलेल्या प्रत्येक फोनची नोंद असते. नऊ दिवसांत एकही आकडा न दाबलेले एकेचाळीस फोन होते. कुणी चाळीस सेकंद, कुणी पन्नास. एकेचाळीस माणसांनी टेकावर उभं राहून एका दमात सगळं सांगितलं होतं आणि निश्चिंत होऊन फोन ठेवला होता. काय सांगितलं, ते कुठंच उरलेलं नव्हतं.

"रेकॉर्डिंग बदलू आपण," साहेब म्हणाले. "लोकांना सवय होईल हळूहळू. तोवर..."

तोवर म्हणजे काय, हे जोहराला बावीस वर्षांपासून ठाऊक होतं. त्या पानाचा पासवर्ड एकट्या तिलाच माहीत होता. तिनं बोलकं यंत्र बंद केलं, येणारा प्रत्येक फोन एकशे सोळावर वळवला, आणि प्रयोगशाळेत दिवसभर वाजणारा फोन नको म्हणून तो उचलून काखेत मारला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. तेच तर वाईट होतं. केली असती तर भांडता आलं असतं. स्वतः वायरी जोडून तिनं स्वतःला सोडवलं होतं आणि आता स्वतःच परत नेऊन बांधत होती. जिन्याखालच्या खोलीत केबल खोचली. फोन दोनदा मिचमिचला. मग एकेचाळीस जणांना एकेक करून ती फोन लावत बसली. निम्मे लागले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला फोन वाजला.

"नमस्कार, नीरा-गुंजवणी दूध संस्था."

पलीकडे कुणी बोलेना. नुसता वारा.

"बोला, मी ऐकतेय."

"खरंच तुमी हाय का?" हिर्डोशीच्या सारजाबाई होत्या. "का मशीन?"

"मीच आहे, सारजाबाई. नीरा-गुंजवणी दूध..."

"त्येच त्येच नगा बोलू. मशीन बी त्येच म्हंती. येगळं कायतरी बोला, मंग सांगते."

जोहरानं तोंड उघडलं. या खुर्चीत बसून दुसरं असं काही ती कधी बोललीच नव्हती. वारा वाजत होता, रेंज कधीही गेली असती.

"मला इथं बसायचं नव्हतं, सारजाबाई," ती म्हणाली. "मला वर खिडकीत बसायचं होतं हो."

"व्हय, तुमीच हाय," सारजाबाई म्हणाल्या. "आता लिवून घ्या. सारजाबाई, हिर्डोशी. गाय सकाळधरनं उठंना."

जोहरानं पेन उचललं.