तेल मी लावलं होतं: अकोल्याच्या उन्हातले पाच दिवस

एप्रिलमध्ये अकोल्याला जायचं म्हटल्यावर लालबागच्या आमच्या चाळीत सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. पण माझ्या लेकीची, श्रुतीची, कबड्डीच्या राज्य संघासाठीची निवड तिथल्या स्पर्धेतूनच होणार होती. मी मंडळाच्या मुलींच्या संघाची व्यवस्थापक, म्हणजे खाऊ, औषधं आणि ओरडाआरडा माझ्याकडे. निघताना सासूबाईंनी विचारलं, "खोबरेल घेतलंस मां गो? थंय आंग फुटतला." घेतलं होतं, चांगली मोठी बाटली.

दादरहून स्लीपरचं तिकीट साधारण चारशे रुपये. सकाळी उतरलात की स्टेशनबाहेर तर्री पोहे खाऊन घ्या, नऊनंतर रस्त्यावर उभं राहवत नाही. लॉज घेताना कूलर चालू करून बघा. आम्ही बघितला नाही, आमच्या कूलरचा नुसताच आवाज येत होता.

पहिल्या दिवशी सरावाला मुली खूश. "आई, घामच नाही! चिकचिकच नाही!" श्रुती म्हणाली. मलाही बरं वाटलं. घाम येत होता, फक्त दिसायच्या आत वाळत होता, हे संध्याकाळी तिच्या हातावर मिठाचे पांढरे डाग बघून कळायला हवं होतं. पण आम्ही मुंबईकर. सराव झाला की साबण लावून अंघोळ, दिवसातून तीनदा, हाडांत मुरलेली सवय. तिसऱ्या दिवशी तिचे ओठ फाटले, नडग्यांचे पापुद्रे निघायला लागले आणि टाचांना भेगा पडून रक्त आलं. मातीच्या मैदानावर अनवाणी खेळायचं होतं.

चौथ्या दिवशी सामना. सकाळी तिला पुढ्यात बसवलं आणि तान्ह्या बाळाला चोळावं तसं मानेपासून टाचेपर्यंत खोबरेल चोळलं.

"आई, पंच तपासतात."

"पुसून टाकू गं. एवढं काय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कबड्डीत अंगाला तेल चालत नाही, पकड निसटते म्हणून. मला हे लहानपणापासून माहीत आहे. तरीही टॉवेलने पुसलं म्हणजे झालं, असं मी धरून चालले.

पंचांनी तिच्या हातावरून अंगठा फिरवला. "कोणी लावलं हे?"

मी तीन पावलांवर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होते.

"मीच," श्रुती म्हणाली.

व्यवस्थापकाचं नाव आलं तर सगळ्या संघाला भोवेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि गप्प राहिले. खरं तर मी घाबरले होते. धुऊन आल्याशिवाय मैदानात नाही, असं पंचांनी सांगितलं. लॉजवर जाऊन साबणाने तेल काढून परत येईपर्यंत पहिला डाव संपला होता. दुसऱ्या डावात रक्ताळलेल्या टाचांनी तिने सहा गुण आणले. सामना गेला. संध्याकाळी निवडलेल्या मुलींची यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं.

यादीसमोरच अकोल्याच्या संघाच्या प्रशिक्षक विमलताईंनी तिच्या टाचा बघितल्या. "काऊन व ताई, रोज तीनदा साबन लावता काय पोरीले? हे मुंबई नोहे." मग त्यांनी जे सांगितलं ते उन्हाळ्यात कोरड्या भागात सरावाला जाणाऱ्यांनी लिहून ठेवा. साबण दिवसातून एकदाच, बाकी वेळा मीठ जाईल इतपत साधं पाणी. तेल किंवा मलम लावायचं ते सामन्यानंतर संध्याकाळी, अंग जरा ओलं असतानाच. टाचांना पेट्रोलियम जेली आणि वर सुती मोजे. सरावाला सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्या, पण सामन्याआधी सनस्क्रीनही धुवायचं, तेही निसरडंच. ओठांवरून जीभ फिरवायची नाही. त्या एका संध्याकाळच्या मोज्यांनीच श्रुतीला सकाळी नीट चालता आलं.

लालबागला परतलो. इथल्या दमट हवेत आठवडाभरात भेगा भरत आल्या. मंडळात मात्र वेगळंच सुरू झालं. "श्रुती तेल लावून उतरली म्हणे, पकड चुकवायला," असं कोणीतरी तिच्यासमोरच म्हणालं. ती खाली बसून पाय ताणायला लागली. मी तिथेच होते. दुसऱ्यांदा गप्प राहिले, आणि त्याची मला पहिल्यापेक्षा जास्त लाज वाटते.

म्हणून हा लेख. टाकण्याआधी श्रुतीला वाचायला दिला.

"भेगांचं बरोबर लिहिलंयस," ती म्हणाली. "पंचांचं काढ ना. मंडळात वाचतील सगळे."

"त्यासाठीच लिहिलंय."

तिने मोबाइलवर लेख परत वरपर्यंत सरकवला. मग म्हणाली, "मग एवढं खाली कशाला? लोक वरचंच वाचतात."

तेव्हा मी शीर्षक बदललं.