चढाचा डिफरन्शियल

आमच्या ह्यांना गाडी घ्यायची नव्हती, बांधायची होती. तीस वर्षं कारखान्यात लेथवर लोखंड कातलेला माणूस. विकतचा बोल्टसुद्धा त्यांच्या मनास यायचा नाही. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सात वर्षं ती गाडी आकार घेत होती. इंजिन एका मोडीत निघालेल्या छोट्या मोटारीचं, सांगाडा स्वतः वेल्डिंग केलेला, दरवाजे दोन जातींचे. मी शेडला ‘सवतीचं घर’ म्हणायचे आणि हे दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. आता चिडवायला हे नाहीत. फार आठवण येते.

गाडीची खरी वाट पाहत होती माझी आई. ती एका दरीच्या तळाला, जुन्या घरात एकटी राहायची. नजर अधू होत चालली होती, एकदा पायरी चुकून पडलीही होती. आमच्याकडे चल म्हटलं की एकच पालुपद. “जावईबापूंनी कबूल केलंय, मी बांधलेल्या गाडीतून नेईन म्हणून. गाडी होऊ दे, मग येते.” भाड्याची गाडी नेली तर ती दारातूनच परत पाठवायची. हट्टीपणात ती तुझ्यावर गेलीये, असं हे म्हणायचे.

शेवटी सगळं जुळत आलं आणि घोडं अडलं डिफरन्शियलपाशी. म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला, इंजिनाचा जोर चाकांना वाटून देणारा, भोपळ्याएवढा लोखंडी गोळा. शेडमध्ये असे दोन होते. एक मोटारीचा. त्यात इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे साडेतीन फेरे झाले की चाकाचा एक. दुसरा टेम्पोचा, त्यात साडेचार फेऱ्यांना एक. पहिला बसवला तर गाडी सपाटीवर सुसाट, पण चढावर धापा टाकणार. दुसरा बसवला तर भिंतही चढेल, पण पंचाहत्तरच्या पुढे इंजिन नुसतं बोंबलणार.

आणि ह्यांना हवं होतं शंभर! आपण बांधलेल्या गाडीचा काटा एकदा, फक्त एकदा शंभरावर टेकलेला बघायचा. तरुणपणापासूनचं वेड. इकडे आईच्या घरापासून वर यायचा रस्ता असा, की तिथे सायकलवालेही मुकाट्याने खाली उतरायचे.

“टेम्पोचाच बसवा,” मी म्हटलं.

“तुझ्या-माझ्या म्हणण्यावर नाही ठरत ते. गणित सांगेल तसं.”

मग सुट्टीच्या दिवशी फळी आणि लेव्हल घेऊन गेले, अख्खा चढ मोजून आले आणि वही घेऊन थेट स्वयंपाकघरात.

“आईंचं वजन किती?”

“का? कांदे-बटाटे तोलताय?”

“अगं, गाडीत ओझं किती ते कळल्याशिवाय हिशेब कसा लावू?”

ओझं! माझ्या आईला ओझं म्हणाले! माझं डोकंच सटकलं. आई चांगली पंच्याऐंशी किलोची, पण मी तोऱ्यात सांगितलं, “पंचावन्न.” “आणि तुझं?” “पन्नास.” ह्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पण बिचाऱ्यांनी लिहून घेतलं. “सामान?” “एक पिशवी.” शिलाई मशीनचं मी नावच काढलं नाही. बिडाच्या पायांचं ते धूड घेतल्याशिवाय आई उंबरा ओलांडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

झालं! गणिताने कौल दिला मोटारीच्या डिफरन्शियलला. जेमतेम चढेल, पण चढेल. चार दिवस हे शेडमध्ये शिट्टी वाजवत होते. लग्नानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत ऐकली असेल मी ती शिट्टी, त्यानंतर नाहीच.

माझ्या मात्र डोळ्यांसमोर एकच. मधल्या चढावर गाडी बंद पडलीये, आई दार उघडून उतरलीये आणि रस्त्याकडेच्या कठड्याला धरत धरत पुन्हा खाली निघालीये. एकदा परत गेली असती तर ती जन्मात आली नसती. मी ओळखून होते तिला.

निघायच्या दोन दिवस आधी, सकाळच्या चहाला मी तोंड उघडलं.

“अहो, आई पंच्याऐंशी किलोची आहे.”

ह्यांनी कप बशीत ठेवला.

“मी अडुसष्ट. आणि तिची शिलाई मशीन आहे.”

“लोखंडी पायांची?”

“हो.”

कपात बघत त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतात. हक्कच होता त्यांचा. पण एवढंच म्हणाले, “आधी सांगितलं असतंस तर चार दिवस वाचले असते गं.” ताडपत्री अंथरली आणि मोटारीचा गोळा काढून टेम्पोचा बसवायला पुन्हा गाडीखाली शिरले. दोन दिवस मी न सांगता पाने हातात देत बसले. शेडमधून शिट्टी काही ऐकू आली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आईला आणायला गेलो. मागच्या सीटवर आई, तिच्या शेजारी मशीन, वर दोन गाठोडी. त्या चढाला मी डोळे गच्च मिटून घेतले. गाडी गुरगुरत, पण एकदाही न अडखळता पहिल्या गिअरमध्ये वर आली. माझा जीव भांड्यात पडला.

पुढे लांबलचक सपाट रस्ता. हे पुढे वाकून बसले, पाय दाबला. साठ, पासष्ट, सत्तर. काटा पंचाहत्तरपाशी थरथरला आणि इंजिन इतकं किंचाळायला लागलं की त्यांनी पाय सैल सोडला. तेवढ्यात एक मोटार सुळकन आम्हाला मागे टाकून गेली.

आई पुढे झुकली. “जावईबापू, एवढी सात वर्षं खपलात, याहून जोरात नाही का जात ही?”

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. ह्यांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून.

“नाही हो, आई,” हे म्हणाले. “मला एवढीच जमली.”